ताईची रेषा

माझी ताई गाड्या काढायची. लहानपणी वहीच्या मागच्या पानांवर, मोठेपणी पुण्यातल्या एका कंपनीच्या डिझाइन स्टुडिओत. सुट्टीच्या दिवशी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं, आणि दर वर्षी आमच्या आमंत्रणासाठी एक गणपती. दोन वर्षांपूर्वी ती आजारपणात गेली. तिच्या वह्या आणि लॅपटॉपमधली मिळून चारशेच्या आसपास चित्रं मी जमवून ठेवली. मी सॉफ्टवेअरवाला, मला तेवढंच जमत होतं.

गेल्या गणपतीच्या आधी आईनं विचारलं, "यंदा आमंत्रणावर काय टाकायचं रे?" त्या रात्री मी ताईची चित्रं वापरून एक इमेज मॉडेल ट्रेन केलं. काही तासांचं काम. पहाटे त्यानं गणपती काढून दिला. तीच जाड-बारीक होत जाणारी रेषा, तेच किंचित झुकलेले डोळे. आईला फोनवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "हा कधी काढला तिनं? मला कसा दाखवला नाही?"

मी गप्प बसलो. खोटं बोललो नव्हतो, पण खोटं घडलं होतं.

कायद्यानं बघायचं तर सोपं आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो. नोकरीत काढलेल्या गाड्या सहसा कंपनीच्या. तिनं स्वतःसाठी काढलेले गणपती आता आमचे. पण हक्क कुणाचा हे कळलं म्हणून काय करणं बरोबर, हे कळत नाही.

मी स्वतःशी वाद घातला. शिष्य गुरूची गायकी गातोच की! कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही. मग मॉडेलनं ताईसारखं काढलं तर काय बिघडलं? फरक मला उशिरा दिसला. गाणारा मुलगा लोकांसमोर बसलेला असतो. सूर चुकला तर तो त्याचा. माझ्या गणपतीची चूक कुणाची? ताईची नाही, आणि तिच्या हस्ताक्षराआड लपल्यामुळे माझीही नाही.

दुसरी गोष्ट ताईच्या कामातली. ती बॉलपेननं स्केच करायची, म्हणजे खोडायची सोयच नाही. चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी काढायची. आवडलेलं स्केच पुढे पूर्ण आकाराच्या क्ले मॉडेलवर जायचं. ती क्ले गरम करून चढवतात, थंड झाली की खरवडून आकार देतात. मग इंजिनिअर येणार: पायी चालणाऱ्याला धडक बसली तर बॉनेटखाली जागा हवी, पत्रा प्रेसमध्ये एवढा वळणार नाही. महिनोन्‌महिने भांडण. एकदा पार्किंगमध्ये तिनं मला एका गाडीच्या मागच्या दाराखालची घडी दाखवली. "एवढी माझी राहिली." गाडीवर तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

ती घडी तिची होती, कारण तिच्यासाठी ती भांडली होती. मॉडेलला मी भांडणानंतर उरलेल्या रेषा दिल्या. भांडण देता येत नाही. म्हणून त्यानं दिलेलं चित्र ताईसारखं असेल, पण ताईनं काहीतरी ठरवलं, काहीतरी नाकारलं, याचा तो पुरावा नाही. गेलेल्या माणसाची आठवण म्हणजे त्यानं जे केलं ते जपणं. त्यानं न केलेलं त्याच्या नावावर टाकलं तर आपण त्याच्याच जागी दुसरं कुणीतरी बसवत जातो, आणि "मी हे काढलं नाही" असं सांगायला ते माणूस नसतं.

दुपारी आईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे तिनं नाही काढला?"

"नाही."

"मग तिच्या नावानं नको."

आमंत्रणावर ताईचा 2019चा गणपती गेला. तारीख आईनं स्वतःच्या हातानं बदलली.

रात्री ती म्हणाली, "तो दुसरा पण मला पाठवून ठेव." मला वाटलं, नाही म्हणावं. मग वाटलं, तिच्या दुःखावर नियम लावणारा मी कोण? पाठवला. खाली लिहिलं, 'हा ताईचा नाही, मी करून घेतलेला आहे.' तो तिनं अजून ठेवलाय. खालच्या ओळीसकट.