प्रतिभेचे अध्यापन

प्रतिभा जर ईश्वरदत्त असेल, तर तिच्यासाठी विद्यापीठाने स्वतंत्र खाते उघडावे, अध्यापक नेमावेत आणि परीक्षेची तारीख मुक्रर करावी, यात मुळातच विसंगती नाही काय, असा आक्षेप कलाशिक्षणावर वारंवार घेतला जातो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या प्रश्नाचा विचार हजार वर्षांपूर्वीच केला असून, पूर्वजन्मीच्या संस्कारांतून येणाऱ्या सहजा प्रतिभेबरोबरच याच जन्मीच्या संस्कारांतून उपजणारी आहार्या प्रतिभाही त्याने मानली आहे; कलाशाळेला जो काही अधिकार आहे, तो या दुसरीच्याच आधारावर. १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलेची विद्याशाखा निघाली आणि इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे चित्रकला शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेले गुलाम मोहम्मद शेख आणि ज्योती भट्ट यांची चित्रे ना गुरूच्या चित्रांसारखी आहेत, ना एकमेकांच्या, आणि गुरूच्या थोरवीचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

यांपैकी भट्टांनी पुढे कॅमेरा हाती घेऊन खेड्यापाड्यांतील भिंतींवरची चित्रे आणि अंगणातल्या रांगोळ्या टिपल्या. येथे प्रश्न अधिक बिकट होतो, कारण छायाचित्रात रेषा यंत्रच ओढते; मग माणसाची प्रतिभा उरते कोठे? माझ्या मते ती राजशेखराने जिला भावयित्री, म्हणजे रसिकाची प्रतिभा म्हटले, तिच्यात उरते. डार्करूममधल्या लाल दिव्याखाली छत्तीस चित्रांची कॉन्टॅक्ट शीट डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हळूहळू उमटते, ती धुऊन वाळल्यावर विद्यार्थी भिंगाखाली धरतो, आणि नखाएवढ्या त्या चौकटींतून पस्तीस बाजूला सारून एकीभोवती लाल पेन्सिलीने खूण करतो, तेव्हा आस्वाद आणि निर्मिती या दोन वेगळ्या क्रिया राहतच नाहीत. त्या क्षणी अध्यापकाने आपली पसंती सांगितली, तर विद्यार्थी आज्ञाधारक होईल, कलावंत होणार नाही. ‘ही का ठेवलीस, आणि ती का टाकलीस?’ एवढेच विचारून तो थांबला, तर मात्र विद्यार्थ्याला स्वतःच्या दृष्टीचा जबाब स्वतःलाच द्यावा लागतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे प्रतिभेवर संस्कार घडतो तो याच मार्गाने.

म्हणून छायाचित्रणाच्या परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की निवडक छायाचित्राबरोबर संपूर्ण कॉन्टॅक्ट शीटही मागवून घेण्याचा शिरस्ता त्यांनी पाडावा, आणि गुण देण्यापूर्वी विद्यार्थ्याने गाळलेल्या चित्रांविषयी त्याला अवश्य बोलते करावे.