जीर्ण कोणाला म्हणावे?

आपल्या घरांतून वस्तूंचा निरोप घेण्याची एक रीत होती. तांब्याच्या घागरीला भोक पडले तर तिला डाग लावून आणीत. पितळी पातेल्याची कल्हई गेली तर कल्हईवाल्याची आरोळी कधी ऐकू येते याकडे घरातल्या बायकांचे कान लागलेले असत. आईचे लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई आणि तेही विरले म्हणजे मग बंबाची सोय होई. वस्तू तेव्हाही मरतच. पण त्या सावकाश आणि घरच्यांच्या देखत मरत. ‘हिचे संपले’ हे ठरविण्याचा अधिकार वापरणाऱ्या हातांचा होता.

सध्या माझ्या टेबलावर जी वस्तू अखेरच्या घटका मोजीत आहे असे मला सगळेजण सांगत आहेत, तिला भोक पडलेले नाही की तिची वीणही उसवलेली नाही. २०१६ च्या पाडव्याला घेतलेला हा माझा लॅपटॉप. तो हळू झाला आहे हे खरे. सकाळी तो सुरू करावा, आंघोळ उरकून यावी, आणि तोवर तो जागा झालेला असावा, असा आमचा क्रम आहे. बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते आणि डाव्या बाजूची बिजागरी कुरकुरते. पण लिहिलेले तो विसरत नाही.

पुतण्या त्याच्याकडे पाहून म्हणाला, “काका, याला आता निवृत्त करा. दुसरा घ्या.” मीही निवृत्तच असल्यामुळे तो शब्द मला थोडा लागला. पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा निवृत्तिवेतनाच्या हिशेबात इकडचे तिकडे करून आम्ही उभयतांनी पस्तीस हजार रुपये बाजूला काढले, आणि एवढ्यात रोजच्या वापराचा चांगला लॅपटॉप कोणता याची चौकशी मी सुरू केली. ही चौकशी दुकानात संपेल अशी माझी समजूत होती. ती मला थेट गीता आणि कठोपनिषदापर्यंत घेऊन गेली, ती कशी ते सांगतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त घराघरांत ठाऊक आहे. माणूस जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा आत्मा जीर्ण देह सोडून नवा घेतो. लॅपटॉपला हा दृष्टान्त नको इतका लागू पडतो. यंत्र जाते, आणि आतली पत्रे, छायाचित्रे, हिशेब नव्या यंत्रात जाऊन बसतात. परंतु त्या दृष्टान्तात टाकायची वस्त्रे ‘जीर्ण’ आहेत हे विसरता येत नाही. जुनी, कंटाळा आलेली किंवा शेजाऱ्याच्या मानाने फिकी पडलेली वस्त्रे टाकावीत, असे तेथे म्हटलेले नाही. मग प्रश्न उरतो तो असा, की जीर्ण कोणाला म्हणावे, आणि कोणी म्हणावे?

कोणी म्हणावे, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९२४ साली जगातल्या बड्या दिवे-कारखानदारांनी जिनिव्हात एक संघ स्थापन केला. विजेचा दिवा सुमारे एक हजार तासच टिकावा असे त्यांनी आपसांत ठरविले, आणि ज्याचा दिवा जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड! अधिक टिकाऊ वस्तू केल्याबद्दल शिक्षा झाल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे मंदीच्या काळात, १९३२ साली, बर्नार्ड लंडन या अमेरिकन गृहस्थाने एक पुस्तिका काढली. सरकारने प्रत्येक वस्तूचे आयुष्य ठरवून द्यावे, ते संपले की ती वस्तू कायद्याने मृत समजावी आणि लोकांना नवी घ्यावयास लावावी, म्हणजे कारखाने चालतील, असे त्याचे म्हणणे होते. कोणत्याही सरकारने ते ऐकले नाही. परंतु २०२५ च्या १४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला तेव्हा मला त्या पुस्तिकेची आठवण झाली. पुढची प्रणाली सुरक्षिततेसाठी यंत्रात काही ठराविक भाग मागते, आणि साधारण २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे त्या परीक्षेत अधिकृतपणे बसूच शकत नाहीत. काही काळ मुदतवाढीच्या सोयी झाल्या. पण निकाल लागून गेला होता. त्या दिवशी माझ्या लॅपटॉपचा एक खिळाही ढिला झाला नव्हता, तरी तो ‘जीर्ण’ झाला होता.

येथवर वाचून कोणी ‘जुने ते सोने’ म्हणून टाळी देईल, तर मी ती घेणार नाही. कोणतीही कंपनी एका प्रणालीची जन्मभर डागडुजी करीत बसणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही रास्त नाही. नव्या सुरक्षिततेची मागणी निव्वळ विक्रीची युक्ती आहे असेही नव्हे. ज्या यंत्रावरून मी बँकेचे व्यवहार करतो, त्याच्या दाराची कडी तुटली असेल तर ‘आमच्या वेळी कड्या नव्हत्या’ हे उत्तर चोराला ऐकविण्यात अर्थ नाही. शिवाय जुने न टाकण्यात नेहमी संयमच असतो असेही नाही. कधी आळस असतो, कधी कंजूषी, आणि कधी नवे शिकण्याची भीती. या तिन्ही गोष्टी साधेपणाचे उपरणे पांघरून सभ्य माणसासारख्या हिंडतात.

म्हणून दुसरा प्रश्न विचारणे भाग पडले: मला पुरे म्हणजे किती? ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण खर्चाच्या वेळी आठवतो. पण ती अंथरुणाचेच माप सांगते, पायांचे नाही. पस्तीस हजारांचे अंथरूण आहे म्हणून पाय तेवढे लांब असलेच पाहिजेत असे कोठे आहे? मी कागद घेऊन माझ्या गरजा लिहिल्या. मराठीत लिहिणे, पत्रव्यवहार, बँक, वर्तमानपत्रे, रविवारी परदेशातल्या मुलीशी समोरासमोर बोलणे, आणि रात्री जुनी गाणी. यादी संपली. दुकानदाराने मला ज्या यंत्राची स्तुती ऐकविली ते चित्रपटाची जुळणी करू शकत होते. मला चित्रपट काढावयाचा नव्हता.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एका लहानशा दुकानात बसलेल्या कारागिराने माझे यंत्र उघडून पाहिले तेव्हा मला पुष्कळ उमजले. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क हेच हळूपणाचे मूळ होते. तिच्या जागी न फिरणारी एसएसडी बसवावी, चारची रॅम आठची करावी, बॅटरी बदलावी आणि बिजागरी आवळावी. सारे मिळून त्याने साडेसात हजार सांगितले. प्रणालीसाठी लिनक्स हा फुकट आणि अजून सांभाळला जाणारा मार्ग होता. माझ्या यादीतले सारे त्यावर चालते. त्याने एक कामाची गोष्टही सांगितली. नव्या पातळ यंत्रांपैकी पुष्कळांत रॅम मूळ पट्टीलाच डाख दिलेली असते. ती मागाहून वाढविता येत नाही. तेव्हा स्वस्तात कमी रॅमचे नवे यंत्र घेणे म्हणजे वाढत्या मुलाला आजच्या मापाचा सदरा शिवणे. त्यापेक्षा कचेऱ्यांनी वापरून सोडलेले, तपासून दुरुस्त केलेले, दणकट बांध्याचे यंत्र पुष्कळदा बरे. ते विंडोज ११ च्या परीक्षेत बसते की नाही, बॅटरी किती उरली आहे आणि पावतीवर हमी लिहून मिळते की नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट पैशांची नाही, पण हिशेबाचीच आहे. लॅपटॉपच्या सबंध आयुष्यात हवेवर जो भार पडतो, त्याचा मोठा वाटा तो आपल्या घरी येण्यापूर्वी, घडतानाच पडून गेलेला असतो. आणि शेवट? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निघाला. त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आल्याची नोंद आहे. बाकीच्यातला बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला जातो, तांब्यासाठी जाळला जातो, आम्लात बुडविला जातो. आपण ‘टाकला’ म्हणतो, तेव्हा तो कोणाच्या तरी अंगणात पडलेला असतो.

“मग टाकू नका, देऊन टाका,” असे सगळेच म्हणतात. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी यंदा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. जुना लॅपटॉप तिला द्यावा आणि मी नवा घ्यावा, हा सल्ला मला तिघांनी दिला. सल्ला गोड होता. त्यात नव्याची हौस भागत होती आणि दानाचे पुण्यही पदरात पडत होते. येथे मला कठोपनिषदातला नचिकेता आडवा आला. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व द्यावयाचे ठरविले, आणि दिल्या त्या गाई कशा? ज्यांचे शेवटचे पाणी पिऊन झाले, शेवटचे गवत खाऊन झाले, ज्या आता दूध देणार नाहीत अशा. ते पाहून त्या पोराच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि बापाला तो पुन्हा पुन्हा विचारू लागला, ‘मला कोणाला देता?’ बाप चिडला, कारण प्रश्न बरोबर होता.

जे यंत्र मला चालेनासे झाले ते तिला ‘चालेल’ म्हणताना मी दोन मापे वापरतो. ते चांगले असेल तर मी ते बदलतो कशाला? आणि चांगले नसेल तर देतो कसे? यावर युक्तिवाद निघू शकतो, नाही असे नाही. गरजा निराळ्या असतात. मोठ्याला आखूड झालेला सदरा लहानाला बेताचा होतो. पण तो सदरा लहानाच्या अंगाला लावून पाहावा लागतो. आमच्या सौ.नी हेच दोन शब्दांत विचारले, “अहो, तिला विचारलंत का?”

विचारले. मुलगी आधी ‘काहीही चालेल’ म्हणाली, कारण देणाऱ्यापुढे असेच म्हणावयाचे असते हे गरिबाच्या घरी लवकर शिकविले जाते. सौ.नी चहा पुढे केला आणि पुन्हा विचारले. तेव्हा कळले, की ती टॅली शिकते आहे, आणि ते विंडोजवर चालते. एक्सेलचा सराव हवा आहे. लोडशेडिंगच्या वेळी बॅटरी टिकायला हवी, आणि हे सारे निदान तीन वर्षे चालायला हवे. म्हणजे दुरुस्त केलेले माझे जुने यंत्र माझ्या सगळ्या गरजांना पुरे होते, आणि तिच्या एकीलाही पुरे नव्हते. गरज लहान माणसाची लहान आणि मोठ्याची मोठी, या समजुतीवर आपले निम्मे दान चालते. येथे माप नेमके उलटे निघाले.

पुढचे गणित सोपे झाले. साडेसात हजारांत माझे जुने यंत्र धडधाकट झाले. मी हा लेख त्याच्यावरच लिहीत आहे. बाजूला काढलेल्यांपैकी तेवीस हजारांत एका कचेरीतून आलेला, विंडोज ११ चालणारा, सोळा रॅमचा लॅपटॉप मिळाला. तो तिच्यासाठी. पण हे दान झाले असे समजू नका. मावशींनी तसे होऊ दिले नाही. “काका, फुकट नको. महिन्याला हजार कापा. पोरीला तिची वस्तू स्वतःची वाटली पाहिजे,” असे म्हणून त्यांनी पहिला हजार फडताळावर ठेवलाही. मी नको म्हणणार होतो, सौ.नी डोळ्यांनी थांबविले. घेणाऱ्याला ताठ मानेने घेऊ देणे हेही देणाऱ्याचेच काम आहे, हे तिला माझ्याआधी कळते.

हा मार्ग सर्वांना लागू आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याची रोजी यंत्रावर चालते त्याने चांगले नवे यंत्र घ्यावे, आणि घेताना मनाला लावून घेऊ नये. नवी वस्तू घरात आल्याचा आनंदही खोटा नसतो. धनत्रयोदशीला दुकानातून निघालेल्या पोराच्या चेहऱ्यावर तो दिसतो, आणि त्याला उपदेश करण्याइतका अरसिक मी नाही.

माझे म्हणणे एवढेच, की ‘जीर्ण’ हा शब्द आपण स्वतःच्या तोंडाने उच्चारावा. तो जाहिरातीला उच्चारू देऊ नये, कारखान्याच्या तारखेला उच्चारू देऊ नये, आणि आपल्या कंटाळ्यालाही नाही. ज्या वस्तूकडून आपले काम निघत नाही, जी दुरुस्त होत नाही किंवा दुरुस्त करणे व्यवहाराला धरून नाही, आणि जिच्यापासून आपल्याला अगर दुसऱ्याला धोका आहे, ती जीर्ण. ती खुशाल सोडावी, पण रीतसर गोळा करणाऱ्यांच्या हाती सोडावी. बाकीच्या नुसत्या जुन्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण अलक्ष्मी झाडून बाहेर काढतो, तेव्हा केरसुणी जरा पाहून फिरवावी. कोपऱ्यात पडलेले सगळेच काही केर नसते, आणि आपण उंबऱ्याबाहेर लोटतो तेथेही कोणीतरी पणती लावलेली असते.