घरामागचा चर

तळेगाव दाभाडेला स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर एक जुना बंगला होता. दगडी जोतं, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि भोवती १२ गुंठ्यांचं आवार. गुंठ्याला १,०८९ चौरस फूट धरले, तर १३ हजारांच्या वर जागा. मुलुंडच्या दोन खोल्यांत सारा संसार केलेल्या एका गृहस्थांना आणि त्यांच्या पत्नीला ते आवार पाहूनच भरून आलं.

एजंट म्हणाला, "साहेब, पैसे जमिनीचे मोजा. घर हिशेबात धरूच नका, पाडायलाच आहे ते." गृहस्थांना हे पटलं नाही. त्यांना घरच हवं होतं. माणूस भला होता आणि सावधही. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घेतला, मालमत्ता पत्रकावर सगळ्या वारसांची नावं लागली आहेत का ते पाहिलं, भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या केल्या आणि मगच इसार दिला. जुनी जागा घेणाऱ्यानं एवढं केलंच पाहिजे. कुठला तरी विसरलेला वारस पुढे कधी दारात येऊन उभा राहील, याचा नेम नसतो.

घर विकणाऱ्या आजींनी ऐंशी ओलांडली होती. खरेदीखत झालं त्या दिवशी काठी टेकत त्यांनी नव्या मालकांना सगळं आवार दाखवलं. मागच्या अंगाला, चढाच्या बाजूनं कुंपणालगत एक चर होता. गुडघाभर खोल, गवतानं भरलेला. आंब्यापाशी तो उगाचच वळल्यासारखा वाकडा होई आणि विहिरीजवळ गोट्यांनी भरलेल्या एका खड्ड्यात संपे. आजी तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबल्या.

"हा दरवर्षी मृगाच्या आधी साफ करायचा. आणि एक ऐका माझं. एक पावसाळा आहे तसेच राहा. मग काय बदलायचं ते बदला."

"हो आजी," गृहस्थ म्हणाले. त्यांच्या मनात तेव्हा फाटकाला कोणता रंग द्यावा, हे चाललं होतं.

कंत्राटदारानं एका फेरीत सगळं ठरवून टाकलं. चरात मुरूम टाकून तो बुजवायचा, आवार एका लेव्हलला आणायचं, घराभोवती पेव्हर ब्लॉक बसवायचे. भिंतींचा पोपडे सुटलेला चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करायचा, वर प्लॅस्टिक पेंट. आंबाही काढायचा होता; पण राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते. नगर परिषदेत अर्ज दिला, तो तिथेच राहिला. बाकीची कामं अक्षय्य तृतीयेच्या आत उरकली. वास्तुशांतीला आलेली माणसं म्हणाली, घर ओळखूच येत नाही!

मृग कोरडाच गेला. आषाढात झड लागली. चढावरून येणारं पाणी कुंपणाच्या भिंतीतल्या जुन्या मोरीतून आत शिरलं आणि चर नसल्यामुळे ब्लॉकवरून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी आलं. बाई रात्री पाणी प्यायला उठल्या, तर पाय घोटाभर पाण्यात.

पाणी उपसता आलं, ओल उपसता येईना. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. सिमेंट आणि वरचा रंग तिला बाहेर पडू देत नाहीत, मग ती आतल्या आत वर चढते. श्रावणात कंबरेपर्यंत रंगाला फुगे आले. दिवाळीत भिंतीला बोट लावलं, की पांढरं पीठ गळू लागलं. पुढे चैत्रात विहिरीनं तळ दाखवला. खड्ड्यातल्या गोट्यांमधून मुरून विहिरीला मिळणारं पाणी आता गटारात जात होतं.

"आजींना विचारून या," बाई म्हणाल्या. गृहस्थांना अवघड वाटत होतं, तरी ते गेले. आजी कोथरूडला लेकीकडे राहायच्या.

"आजी, तुम्ही सांगितलं होतं."

"काय करायचं ते सांगितलं. कशासाठी, ते सांगायचं राहिलं," आजी म्हणाल्या. "अहो, आमच्या मामंजींनीही पहिल्या वर्षी आवार सपाट करून घेतलं होतं. आषाढात धान्याची कोठी भिजली. मग डोक्यावर गोणपाट घेऊन ते भर पावसात उभे राहिले. पाणी कुठून येतं, कुठून जातं, ते बघत. ज्या वाटेनं पाणी जात होतं, त्याच वाटेनं चर खणला. म्हणून तो वाकडा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "जुन्या घरात जे विचित्र दिसतं ना, ते कुणाच्या तरी त्रासातून आलेलं असतं. काढायच्या आधी तो त्रास काय होता, एवढं विचारावं."

गृहस्थ आजींना चार दिवसांसाठी घेऊनच आले. चर पुन्हा खणला, वाकडाच. वाईच्या बाजूचा, चुन्याचं काम येणारा एक म्हातारा गवंडी मिळाला. त्यानं भिंतींचं खालचं सिमेंट तासून काढलं आणि आधी भिंती सुकू द्या म्हणाला, गिलाव्याचं नंतर बघू. आंब्याचा अर्ज गृहस्थांनी स्वतः जाऊन मागे घेतला. चराचा काठ त्याच्याच मुळांनी धरून ठेवला होता.

बाई वही घेऊन आजींच्या मागून फिरत होत्या. पश्चिमेचा वारा सुटला, की कुठली कौलं सरकतात. उंदीर कुठून आत येतात. माजघरातली ती उंच खिडकी उन्हाळ्यात रात्रभर उघडी का ठेवायची. सेप्टिक टँकचं झाकण कुठे आहे, असं बाईंनी विचारलं, तेव्हा आजींनी नव्या ब्लॉकवर काठी आपटली.

"इथे. जांभळापासून चार पावलं."

बाईंनी लिहून घेतलं. गवंडी आलेलाच होता, म्हणून तिथले ब्लॉक त्याच दुपारी उचलले.