साडेतीन स्टार, पण कुणासाठी?

शुक्रवारी रात्री नांदेड-लातूरकडच्या मित्रांच्या कुठल्याही ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो : ‘कसाय पिच्चर?’ उत्तरं तीन प्रकारची येतात. ‘नुसता जाळ.’ ‘बंडल.’ आणि सगळ्यात जास्त येणारं, ‘एकदा बघायला हरकत नाही.’

हे तिसरं उत्तर फार चलाख आहे. ते देणारा कशालाच बांधील राहत नाही. समोरच्याला सिनेमा आवडला, तर ‘बघ, मी म्हणलो नव्हतो का!’ नाही आवडला, तर ‘मी कुठं भारी म्हणलो होतो?’ वर्तमानपत्रातल्या परीक्षणाखाली छापलेले तीन किंवा साडेतीन स्टार म्हणजे याच उत्तराचा इस्त्री केलेला अवतार. अडीच दिले तर निर्माता रागावतो, चार दिले तर प्रेक्षक हसतात, साडेतीनवर सगळे सुखरूप.

‘आवड ज्याची त्याची’ म्हणून हा विषय आपण सोडून देतो. स्वतः काय बघायचं, इथपर्यंत ते बरोबरच आहे. पण दुसऱ्याला ‘बघ’ म्हटलं की गोष्ट बदलते. तेव्हा आपण त्याचा वेळ मागत असतो. ‘सैराट’ १७४ मिनिटांचा आहे, म्हणजे जवळपास तीन तास. तुमच्या एका शब्दावर पाच मित्र गेले, तर तुम्ही पंधरा तास खर्च केले आणि त्यातला एकही तुमचा नव्हता.

हे तास कुणाचे आहेत, यानंही फरक पडतो. ‘वीकेंड’ हा मुळात पगारदारांचा शब्द. शेतीला शनिवार-रविवार नसतो, आठवडी बाजार असतो. लातूरला नीटची तयारी करायला नांदेड, परभणी, हिंगोलीहून आलेल्या पोरापोरींचा वीकेंड म्हणजे बहुतेक वेळा टेस्ट संपल्यानंतरची रविवारची दुपार. त्यात कपडे धुवायचे, घरी फोन करायचा, आणि संध्याकाळी मेसला सुट्टी असते म्हणून बाहेर काहीतरी खायचं. उरलेल्या तीन तासांत हे पोरगं थिएटरात जाऊन बसणार, तेही घरून आलेल्या पैशातून. त्याला ‘हरकत नाही’ हे उत्तर कसं पुरेल? त्याच्याकडे दुसरी दुपार नाही.

मग आकड्यांवर भरवसा ठेवावा का? एक साधा हिशेब करू. एका सिनेमाला दहा जणांपैकी पाच जणांनी पाच स्टार दिले आणि पाच जणांनी एक. सरासरी तीन. दुसऱ्या सिनेमाला दहाही जणांनी ‘ठीक आहे’ म्हणून तीन दिले. सरासरी पुन्हा तीनच. पहिला सिनेमा निम्म्या लोकांच्या काळजाला हात घालतो आणि निम्म्यांना उठून जावंसं वाटायला लावतो. दुसरा घरी पोचेपर्यंत विसरला जातो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र दोघे जुळे भाऊ दिसतात. ‘रॉटन टोमॅटोज’वरच्या टक्क्यांची गंमत याहून वेगळी. तो टक्का किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच सांगतो. सगळ्यांना सिनेमा जेमतेम बरा वाटला, तरी शंभर टक्के होऊ शकतात.

‘नेटफ्लिक्स’नं २०१७ साली पाच स्टारची पद्धत बंद करून अंगठा आणला. त्यामागचं एक निरीक्षण मजेशीर होतं. लोक गंभीर माहितीपटांना पाच स्टार द्यायचे आणि हलक्याफुलक्या विनोदी सिनेमांना तीन, पण बघायचे जास्त ते तीनवालेच. म्हणजे स्टार देताना माणूस आपण कोण आहोत हे सांगत नाही, आपल्याला कोण दिसायचंय हे सांगतो. फेसबुकवर ‘कोर्ट’ आणि उशीखाली ‘धमाल’. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण अशा स्टारवरून दुसऱ्यानं आपला रविवार ठरवावा का?

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७५७ साली अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट येते. सँचो पांझाच्या दोन नातेवाइकांना पिंपातल्या वाइनची चव घ्यायला बोलावतात. एक म्हणतो, वाइन चांगली आहे, पण किंचित चामड्याचा वास येतोय. दुसरा म्हणतो, चांगलीच आहे, पण जरा लोखंड लागतंय. लोक दोघांना हसतात. पुढे पिंप रिकामं होतं आणि तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते.

ह्यूमला यातून अभिरुचीचा निकष काढायचा होता. मला त्या दोघांची बोलण्याची तऱ्हा जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी वाइनला साडेतीन स्टार दिले नाहीत. जिभेला काय लागलं ते सांगितलं. त्यांची मतं एकमेकांशी जुळत नव्हती, तरी दोघंही खरे होते, कारण दोघांनीही पिंपात असलेलीच गोष्ट सांगितली. ‘जाळ’ किंवा ‘बंडल’ म्हणणाऱ्याचं असं कधी तपासताच येत नाही. त्याच्या पिंपात किल्ली नसतेच.

आपल्याकडच्या पोरांना हे चामडं आणि लोखंड फार अचूक लागतं. सिनेमातला मराठवाड्याचा शेतकरी कडक इस्त्रीचं धोतर नेसून रानात उभा असतो, तेव्हा कुठल्याही समीक्षकाआधी उदगीर-मुखेडचा प्रेक्षक खुसखुसतो. गावाकडचा माणूस दाखवायचा म्हणून पात्राच्या तोंडी कोल्हापूर, सातारा आणि विदर्भाची खिचडी दिलेली असते आणि ‘काय करायलाव?’ असं विचारणारा एकही जण अख्ख्या पडद्यावर नसतो, हे आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पण रेटिंग देताना हे ज्ञान आपण खिशात ठेवतो आणि एक गोल आकडा दाबून मोकळे होतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या यशापयशाचा आहे. प्रयोगाची पारख करणारे ‘प्राश्निक’ त्यात सांगितलेत. यादी वाचली की चकित व्हायला होतं : यज्ञ जाणणारा, नट, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, संगीतकार, राजाचा सेवक. प्रत्येकानं आपल्याला कळतं त्याबद्दल बोलायचं. तरुण, विद्वान, शूर, वृद्ध यांना वेगवेगळं आवडणार हेही त्यात गृहीत धरलं आहे. या सगळ्यांची बेरीज करून दहानं भागा, असं भरत म्हणत नाही.

आता एक अवघड उदाहरण. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला प्रदर्शित झाला. कैकाडी कुटुंबातला जब्या गावाच्या देखत डुक्कर पकडताना आपली अब्रू लपवू बघतो, गाव हसतं, आणि शेवटी त्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. या दगडाला किती स्टार द्यायचे?

‘हा सिनेमा प्रत्येकानं बघायलाच पाहिजे,’ असं आपण सहज लिहितो. ‘प्रत्येकानं’ लिहिताना डोळ्यांपुढं असतो तो ज्याला हे ठाऊक नाही असा माणूस, ज्याला तो दगड लागायला हवा. पण ग्रुपवर एखादा असाही असतो, की ज्यानं शाळेच्या वाटेवर हे सगळं भोगलेलं आहे. त्याला तुम्ही त्याच्या एकुलत्या एका मोकळ्या दुपारी तेच पुन्हा बघायला सांगताय. कदाचित त्याला तो सिनेमा आपला वाटेल, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपली गोष्ट सांगितली असं वाटेल. कदाचित त्याला फक्त हसायचं असेल. दोन्हीचा त्याला हक्क आहे. दुःख भोगलेल्या माणसावर दुःखाचा सिनेमा बघायचं कर्तव्य कुणी लादू नये. ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ मधला नेमका आणि धीट सिनेमा आहे, शेतकरी आत्महत्येच्या सावटाखालच्या घराचा. पण गेल्या हंगामात सोयाबीन हातचं गेलेल्या घरातल्या पोराला मी तो रविवारसाठी सुचवणार नाही. सिनेमा चांगला आहे हे मात्र त्यालाही सांगेन. चांगला असणं आणि आज, याच माणसानं बघण्यासारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा त्यांना एकत्र कोंबतो.

एप्रिल २०१६ आठवा. लातूरला पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. त्यानंतर सतरा दिवसांनी, २९ तारखेला ‘सैराट’ आला. अशा दिवसांत लोकांनी ‘झिंगाट’वर नाचावं का, असा प्रश्न कुणी विचारला असता, तर तो घागर न उचललेल्या माणसाचा प्रश्न ठरला असता. आणि सिनेमाही तेवढा सोपा नव्हताच. नाचत आत गेलेली माणसं शेवटच्या शांततेनंतर न बोलता बाहेर पडली. करमणूक किती आणि भान किती, याचा भाव आधी काढून ठेवता येत नाही.

राहिला आपलेपणाचा स्टार. मराठी आहे, आपल्या भागातला आहे, पोरानं कष्टानं काढलाय, तर एक स्टार वाढवून द्यायला काय जातं? रितेश देशमुख लातूरचे. ‘वेड’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा ३० डिसेंबर २०२२ ला आला, तेव्हा कुणा लातूरकरानं आपल्या माणसाचा म्हणून तिकीट काढलं असेल, तर त्यात गैर काय? काहीच नाही. तिकीट काढणं ही वर्गणी असू शकते. मत मात्र वर्गणी नसावं.

याच्या विरुद्ध बाजूला एक खराखुरा मुद्दा आहे आणि तो टाळता येणार नाही. मराठी सिनेमाला शो कमी मिळतात, अडनिड्या वेळी मिळतात, आणि पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर दुसऱ्या शुक्रवारी तो दिसतही नाही. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं, त्यावर मोठा वाद झाला. अशा बाजारात प्रामाणिक अडीच स्टार म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर पाय नाही का? मला हा युक्तिवाद ऐकताना दर वेळी अडखळायला होतं. पण वाढवलेल्या स्टारवर विसंबून गेलेलं पोरगं दोनदा फसतं, आणि तिसऱ्या वेळी खरोखरचा चांगला मराठी सिनेमा आला की म्हणतं, ‘मोबाइलवर येईल तेव्हा बघू.’ त्या तिसऱ्या दिग्दर्शकाचं नुकसान आपण आधीच करून ठेवलेलं असतं. त्यापेक्षा ‘मध्यंतरानंतर गळपटतो, पण आईचं काम बघायला जा’ असं सांगितलेलं बरं. असं सांगूनही माणसं जातात, आणि फसून परत येत नाहीत.

एवढं लिहीत कोण बसणार, असं कुणी म्हणेल. ‘जाळ’ टाइप करायला एक सेकंद लागतो. खरंय. पण त्या पंधरा तासांपुढं दोन मिनिटं फार नाहीत, आणि भाषाही जड लागत नाही. समजा, कुणी लातुरातून असं लिहिलं :

‘काल “कोर्ट” बघितला. लई हळू हाय, आधीच सांगून ठेवतो. वकील आरडत नाहीत, निस्ते कागद वाचतेत. कोर्ट उठल्यावर बी कॅमेरा तिथंच थांबतो, दिवे बंद व्हईपर्यंत. तहसीलमध्ये एका सहीसाठी दिवसभर बसला असंल, त्याला लगेच कळंल. टेस्टच्या आदल्या रात्री लावू नका, झोप लागंल.’

यात स्टार एकही नाही. ज्याला मारामारी हवी होती त्याचे दोन तास वाचले. आणि बापाच्या मोटारसायकलवर मागं बसून तहसीलला गेलेलं, दुपारी ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकून परत आलेलं एखादं पोरगं तो मेसेज दुसऱ्यांदा वाचतंय.