गेलेल्या माणसाचे स्मरण कसे करावे?

घरातील वडील माणूस पांडुरंगाच्या पायी गेले म्हणजे दहाव्याला प्रवचन ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. बुवांनी गीतेचा आधार देऊन शोक आवरावयास सांगावे, गेलेल्या जिवाविषयी दोन शब्द बोलावे आणि मंडळी उठावी. परंतु ते दोन शब्द कोणते असावेत? माणूस होते तसे सांगावे, की गोड तेवढेच सांगावे? प्रश्न लहान दिसतो, पण त्यात सत्य आणि प्रेम या दोघांचीही कसोटी आहे.

न्याय शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती आधी अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ पडतो. त्यात स्मृती ही अनुभवाहून वेगळी धरली आहे. स्मृती नवे काही दाखवीत नाही. मनावर जो संस्कार राहिला, त्यातूनच ती उपजते. मूळ ज्ञान खरे तर स्मृती खरी. मूळच खोटे तर स्मृतीही खोटी. आता पाहा, नातवंडांनी आजीचे म्हातारपणच तेवढे पाहिलेले असते. बाकीचे आयुष्य आपण सांगू तेच त्यांचे मूळ. तेथेच रंग फासला तर त्यांच्यापाशी आजी उरत नाही, नुसती तसबीर उरते.

कोणी म्हणेल, “महाराज, मेलेल्याची निंदा करू नये.” खरेच आहे, तो बिचारा उत्तर द्यायला येत नाही. पण निंदा वेगळी आणि यथार्थ कथन वेगळे. दशरथाच्या बाणाने श्रावण पडला तो वाशिमच्या दारिद्र्यहरण तीर्थावर, अशी आपल्याकडची आख्यायिका आहे. वाल्मीकींनी तो प्रसंग शरयूकाठी सांगितला. स्थळ कोणतेही असो. रामायणात ही गोष्ट सांगतो तो स्वतः दशरथच, मरणाच्या रात्री, कौसल्येजवळ. प्रत्यक्ष रामाच्या पित्याचा अपराध कवीने झाकला नाही. म्हणून दशरथ कमी झाला का? उलट त्याचे दुःख आपल्याला अधिक कळले.

घरचेच उदाहरण देतो. आमची मोठी माय, म्हणजे थोरली चुलती, नव्वदी गाठून गेली. शेगावची पालखी शिरपुराहून रिसोडकडे निघाली, की वाटेवर रांजण मांडून वारकऱ्यांना पाणी देण्यात तिचा दिवस जाई. तीच घरात मात्र मोठी कडक. कोठीची किल्ली सदा कमरेला; सुनेला ताकसुद्धा मोजून मिळे. पुढे सत्तरीत एके वर्षी तिने ती किल्ली सोडली, सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, “औंदा वारीले तू जाय माय. ढोरं-वासरं मी पाहतो. लय वर्सं तुले कोंडून ठेवलं म्या.”

दहाव्याला लेक म्हणाले, “चांगलं तेवढंच सांगा.” मी सुनेला विचारले. सोसले तिने, तेव्हा सांगू द्यायचे की नाही हा अधिकारही तिचाच. ती म्हणाली, “ताकाचंही सांगा भाऊजी, अन् चाबीचंही सांगा.”

मी दोन्ही सांगितले. ताक वगळले तर किल्लीला काय अर्थ राहिला? जन्मभर गोडच असलेल्या बाईने किल्ली दिली, यात नवल ते काय! पण मुठीत धरलेले सत्तरीत सोडता येते, ही गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येक सासूच्या, प्रत्येक सुनेच्या उपयोगाची आहे. केवळ निर्दोष माणसांच्याच कथा सांगितल्या तर सदोष माणसाने वाट कोणाची पाहून चालावे?

एक मर्यादा मात्र राखावी. ज्याने सोसले त्याची जखम ओली असेल, त्याची संमती नसेल, तर गप्प राहावे. मौन म्हणजे असत्य नव्हे. नसलेला गुण चिकटविणे हे मात्र असत्यच. श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला, आणि श्रद्धेला खऱ्याची भीती नसते.

॥ रामकृष्णहरि ॥