पाठवणीची उपासना

गणेशोत्सवात पवई तलावाच्या घाटावर आरती होते, निरोप दिला जातो आणि मूर्ती पाण्यात उतरते. त्याच पवईतल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये दर रविवारी आणखी एक निरोप दिला जातो. फरक एवढाच, की तिथे निघायचे असते भक्तांनी. कॅथलिकांच्या या मुख्य उपासनेला मराठी ख्रिस्ती ‘मिस्सा’ म्हणतात, कोकणीत ती ‘मीस’ होते. पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरलेला हा शब्द मुळात लॅटिन आहे आणि त्याचा अर्थच पाठवणी असा आहे.

लॅटिन विधीच्या अखेरीस याजक म्हणतो, ‘इते, मिस्सा एस्त’. म्हणजे जा, पाठवणी झाली. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. इसवी सन 500 च्या सुमारास व्हिएनचे बिशप आविटस लिहितात, की चर्चप्रमाणेच राजवाड्यात आणि न्यायसभेतही लोकांना मोकळे करताना ‘मिस्सा’ पुकारतात. बाप्तिस्मा न झालेल्यांना त्या काळी विधीच्या मध्यावरच निरोप मिळे. त्यालाही हाच शब्द होता. पुढे निरोपाचे नाव हळूहळू सगळ्या उपासनेला लागले.

तिथून ते दूरवर पसरले. जर्मनीत सणाच्या मिस्सेला जमलेल्या गर्दीभोवती बाजार भरत, म्हणून व्यापारी जत्रेलाही ‘मेस्से’ म्हणू लागले. सप्टेंबरात वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा पाहिलेल्या मराठी माणसाला हे नाते समजावून सांगावे लागत नाही. पवईच्या आयआयटीतली मुले जेवतात ती ‘मेस’सुद्धा ‘मित्तेरे’च्याच कुळातली; पानावर पाठवलेला पदार्थ, हा तिचा जुना अर्थ. संगीतात पालेस्त्रिना, बाख, बीथोव्हेन यांनी ‘मिस्सा’ रचल्या. पण बहुतेक रचना ‘आन्युस देई’ या प्रार्थनेपाशी थांबतात. ज्या वाक्याने उपासनेला नाव दिले, तेच वाक्य सुरांत क्वचित येते.

मला वाटते, आपल्या धार्मिक जीवनाचेही असेच होते. मधला सोहळा आपण मन लावून करतो आणि शेवटचे वाक्य सोडून देतो. मंदिर असो, दर्गा असो वा चर्च, आत गेलेला माणूस बाहेर कसा येतो, हा प्रश्न आपण विचारत नाही.

पवईशेजारी, सीप्झच्या आवारात, जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष आहेत. 1840 मध्ये साथ आली, तेव्हा लोकांनी तिथले कोंडिवटे गाव सोडले आणि मरोळला नवे चर्च उभारले. भिंती मागे राहिल्या, उपासना माणसांबरोबर चालत गेली. पाठवणीवर ज्या उपासनेचे नाव बेतले आहे, तिला हे जमावेच लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषांना दार उघडले आणि मराठी ख्रिस्ती आपल्या भाषेत मिस्सा ऐकू लागले. 2008 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी निरोपाची आणखी काही वाक्ये मंजूर केली. त्यांतल्या एकाचा भाव असा, की जा आणि आपल्या जगण्यातून प्रभूचा गौरव करा. जुन्या शब्दात जे दडलेले होते, ते इथे उघडपणे सांगितले गेले.

दाराबाहेर रिक्षावाला असतो, घरकामाला आलेली बाई असते, वेगळ्या धर्माचा शेजारी असतो. पाठवणी त्यांच्याकडे झालेली असते. त्यांच्याशी आपण कसे वागतो, त्यावरच आतली प्रार्थना खरी होती की नाही हे ठरते.