वाघाला दिलेला शब्द

पुण्यकोटीची गोष्ट कन्नड घरात मुद्दाम सांगावी लागत नाही. ती लहानपणीच कानांवर पडलेली असते. रानात वाघाच्या तावडीत सापडलेली गाय म्हणते, वासराला शेवटचे पाजून परत येते. वाघ तिला सोडतो. ती वासराला पाजते, त्याला इतर गायींच्या हवाली करते आणि खरोखरच परत येते. तिची सचोटी पाहून शरमलेला वाघ उडी घेऊन प्राण सोडतो. तात्पर्य म्हणून मुलांना एवढेच सांगतात: दिलेला शब्द पाळावा. मला मात्र यातला दुसराच प्रश्न सतावतो. दुसरा मार्गच नसताना दिलेला शब्द हा शब्द असतो का?

प्रश्न रानातला नाही, नोकरीच्या बाजारातला आहे. मी जे. पी. नगरमध्ये राहते. आमच्या गल्लीत पी.जी.च्या पाट्याच पाट्या आहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीत जाणारी मुले इथे आणखी दिसू लागली आहेत, आणि त्यांत मराठी बोलणारीही आहेत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सत्रातला असाच एक मुलगा पहिल्या नोकरीचा करार घेऊन माझ्याकडे आला. जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती, आणि सोलापूरकडे शेती करणाऱ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हते. मी भाषांतर करून द्यायचे होते. कलमे साधी होती. दोन वर्षे नोकरी सोडायची नाही. सोडल्यास दीड लाख रुपये भरायचे. तोवर मूळ गुणपत्रिका कंपनीकडे राहणार. कंपनीला मात्र महिनाभराची सूचना देऊन केव्हाही कमी करण्याची मुभा. बॉण्डला कायद्याच्या मराठीत ‘बंधपत्र’ म्हणतात. फोनवर सगळे ऐकून वडील म्हणाले, “म्हणजे शब्द द्यायचा. देतो.”

गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो. कायदा म्हणतो, असते. १८७२च्या करार कायद्यानुसार जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक यांमुळे संमती दूषित होते; नुसती गरज त्या यादीत नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षांची नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. पण ती सार्वजनिक बँक होती, आणि मुदतीआधी माणूस गेल्यास नव्याने भरती करण्याचा तिच्यावर पडणारा खर्च न्यायालयाने ध्यानात घेतला. याच न्यायालयाने १९८६ साली, ब्रोजो नाथ गांगुली यांच्या खटल्यात, दोन्ही बाजूंचे बळ अगदीच विषम असेल तर करारातले अन्याय्य कलम रद्द होऊ शकते, असेही म्हटले होते. म्हणजे कायद्याचा काटा दोन्हीकडे झुकू शकतो.

डेव्हिड ह्यूमने १७४८च्या एका निबंधात दाखला दिला आहे: झोपेत जहाजावर चढवलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, एवढ्यावरून कप्तानाची सत्ता त्याने मान्य केली असे म्हणायचे का? दाखला बिनतोड वाटतो. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या मुलासमोर ‘सही कर किंवा करू नकोस’ असे दोन पर्याय ठेवले, तर त्यांतला एक समुद्रच असतो.

तरीही गरजेपोटी दिलेला शब्द आपोआप रद्द ठरवायला माझे मन घेत नाही. तसे ठरवले, तर शब्द देण्याचा अधिकार फक्त सुखवस्तू माणसालाच उरेल. ज्याच्याकडे जमीन, घर, सोने नाही, त्याच्याकडे गहाण टाकायला शब्दच असतो. तोही ‘गरजेपोटी दिलेला, म्हणून पोकळ’ म्हणून आपण बाजूला सारला, तर त्याच्यावर दया केल्याच्या समाधानात त्याची एकमेव मालमत्ता हिरावून घेऊ. पुण्यकोटी परतते ती वाघाचे देणे फेडायला नव्हे. तिचा शब्द तिचा आहे, म्हणून ती परतते.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. शब्द पाळणे हे देणाऱ्याचे काम. त्या शब्दाची वसुली करणे हे घेणाऱ्याचे. पहिल्यावरून दुसरे न्याय्य ठरत नाही. शिवाय ज्याने मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या, जामीन घेतला, रक्कम ठरवली, त्याने मुळात शब्दावर विश्वास ठेवलाच नव्हता. त्याने तारण घेतले होते. तारण घेणाऱ्याला फार तर पैसे मागता येतील, विश्वासघाताची तक्रार करता येणार नाही.

आठ महिन्यांनी त्या मुलाला जवळजवळ दुप्पट पगाराची नोकरी मिळाली. मित्रांनी सल्ला दिला, फोन बंद कर आणि नाहीसा हो. मी त्याला वर लिहिले तेच सांगितले: दीड लाख भरून जाणे हा कराराने स्वतःच ठेवलेला मार्ग आहे, त्यात बेइमानी नाही. तो म्हणाला, “कंपनीचं ठीक आहे, ताई. पण सही अण्णांची आहे.” माझ्या मांडणीत हे आले नव्हते. तारण कंपनीकडे होते. शब्द बाप-लेकांत होता. त्याने गावी फोन केला. अण्णांनी जा किंवा राहा असे काही सांगितले नाही. म्हणाले, “पैसे भरू हप्त्यानं. पळून मात्र येऊ नकोस.” नव्या पगारातून हप्ते गेले, गुणपत्रिका परत आल्या.

पण हिशेब इथे मिटत नाही. २०२३च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाख रुपये वार्षिक पगार देऊ केलेल्या काही नवोदितांना साडेतीन लाखांवर रुजू व्हाल का, असे विचारले. त्याला व्यवसायाची परिस्थिती म्हणतात. मुलाने तसेच केले असते तर त्याला करारभंग म्हटले असते. एकाच्या अडचणीला परिस्थिती आणि दुसऱ्याच्या अडचणीला बेइमानी म्हणणारी भाषा मला भाषांतरकार म्हणून रोज भेटते, आणि ती इंग्रजीतून मराठीत आणली तरी तशीच राहते.

म्हणून पुण्यकोटीची गोष्ट आपण अर्धीच शिकवतो असे मला वाटते. गायीचे उदाहरण मुलांसमोर ठेवतो. पण गोष्टीच्या शेवटी बदलतो तो वाघ. दारात परत आलेली गाय त्याच्या हक्काची होती, आणि तो हक्क त्याला बजावता आला नाही. गायींना सचोटी शिकवणाऱ्या शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत.